डॉ. रुस्तम जल वकील, सर्पगंधा आणि आपलं बीपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गात एका बाजारपेठेच्या गावात माझं मेडिकलचं दुकान आहे. वडिलांनी टाकलेलं, आता मी बसतो. गणपतीत चाकरमानी आले की दुकानात औषधांपेक्षा गजालीच जास्त होतात आणि त्यात दरवर्षी कोणीतरी मोबाईल पुढे करतं, "ह्या बघ, सर्पगंधेन बीपी मुळापासून जाता, डॉक्टर लोक लपवून ठेवतत." आणि ही मुळी डॉ. वकिलांनी शोधली असंही त्या फॉरवर्डमधे असतं. प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकतोय. प्रश्न सगळे खरोखर विचारलेले आहेत, उत्तरं माझी. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

हे डॉ. वकील नेमके कोण? आणि डॉक्टरचं आडनाव वकील कसं?

आडनाव पारशी आहे हो. पारशांत धंद्यावरून पडलेली आडनावं भरपूर, वकील काय, इंजिनीयर काय, दारूवाला काय. जल हे आपल्यासारखंच मधलं नाव, एकाने मला "जलचिकित्सा करायचे काय?" असं विचारलं होतं म्हणून मुद्दाम सांगतोय. जन्म मुंबईचा, १७ जुलै १९११. डॉक्टरकीचं शिक्षण लंडनला, सेंट थॉमस हॉस्पिटलमधे. मग परत मुंबईला येऊन परळच्या केईएम हॉस्पिटलमधे मानद डॉक्टर म्हणून काम आणि हृदयविकार हाच मुख्य विषय. आपल्या देशात हार्ट स्पेशालिस्ट ही वेगळी जमात जेमतेम जन्माला येत होती तेव्हाचे हे डॉक्टर, त्यामुळे भारतातल्या आधुनिक हृदयचिकित्सेचे जनक असं त्यांना म्हणतात. २० नोव्हेंबर १९७४ ला गेले. वय काही फार नव्हतं, ६३.

मुंबईचा पारशी डॉक्टर, आपल्या कोकणाशी त्याचं काय?

दोन धागे आहेत. एक म्हणजे केईएम. हे हॉस्पिटल आणि त्याचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ चं, आणि इथे भारतीयच डॉक्टर शिकवणार अशी अट घालून देणगी मिळालेली, कारण तेव्हा सरकारी कॉलेजात वरच्या खुर्च्यांवर गोरे. आणि हॉस्पिटल कुठे, तर परळला, गिरणगावात. लालबाग-परळच्या चाळीत कोण राहायचं ते मी तुम्हाला सांगायला नको. माझे आजोबा स्वतः गिरणीत होते, आजारी पडलं की केईएम, दुसरं नावच घरात माहीत नव्हतं. गावाकडे अजून म्हातारी माणसं "मुंबैक न्हेला" म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा केईएमच असतो.

दुसरा धागा म्हणजे ती मुळी. डॉ. वकिलांचं नाव जगभर गेलं ते सर्पगंधेमुळे, आणि सर्पगंधा आपल्या सह्याद्रीच्या उतारावर, सावलीच्या ओलसर जागेत आपोआप उगवणारं झुडूप.

सर्पगंधा ओळखायची कशी? आमच्या परसात आहे बहुतेक.

बहुतेक नसेलच, पण सांगतो. गुडघ्याएवढं झुडूप. पानं गुळगुळीत, टोकदार आणि एका पेरावर तीन-तीनच्या, कधी चारच्या चक्रात. फुलं पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली, झुपक्यात येतात आणि त्यांचे देठ लालभडक, लांबून आधी देठच दिसतात. फळं मिरीपेक्षा थोडी मोठी, हिरवी असतात ती पिकून जांभळी-काळी होतात. पान तोडलं की पांढरा चीक. कण्हेर, चाफा, सातवीण, करवंद, ही सगळी त्याच कुळातली, म्हणून चीक बघून "हीच ती" म्हणू नका, तसं असतं तर करवंदाच्या जाळीतही बीपीचं औषध सापडलं असतं. मूळ जाड, सुरकुतलेलं, आतून फिकट पिवळं आणि कडू. कडू म्हणजे किराईत परवडलं इतकं.

शिवाय तिची एक परदेशी बहीण आहे, दिसायला बरीच सारखी पण उंच वाढते, ती रस्त्याच्या कडेलाही दिसते आणि बाजारात सर्पगंधेत तिचीच भेसळ होते. लोक फोटो पाठवतात त्यातले निम्मे तरी त्या बहिणीचे असतात.

मग सर्पगंधेचा शोध डॉ. वकिलांनी लावला ना?

नाही. हाच सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि फॉरवर्डमधे नेमकं हेच लिहिलेलं असतं.

मुळी आयुर्वेदाला जुनी माहीत. वेड लागलेल्या माणसाला शांत करायला, झोपेसाठी, साप-विंचवावर अशी ती वापरात होतीच, बिहार-बंगालकडे तर "पागल की दवा" म्हणूनच विकायचे. आधुनिक पद्धतीने पहिलं लिहिलं ते बंगाल्यांनी, १९३१ मधे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि हाय ब्लड प्रेशर दोन्हीवर ही मुळी काम करते असं प्रसिद्ध केलं. त्याच साली सिद्दीकी बंधूंनी दिल्लीत तिच्यातून शुद्ध द्रव्यं काढली आणि एकाला हकीम अजमल खानांवरून अजमलीन नाव दिलं. पुढे कलकत्त्यात औषधशास्त्रज्ञ चोप्रांच्या लोकांनी प्राण्यांवर प्रयोग केले. १९३४ पासून हिमालया कंपनीची सर्पिना गोळी बाजारात होती. म्हणजे वकिलांच्या हातात ती आली तेव्हा देशातले बरेच डॉक्टर तिला ओळखत होते.

झाडाचं शास्त्रीय नाव तर त्याहून गमतीचं, राउवोल्फिया सर्पेंटिना. राउवोल्फ हा सोळाव्या शतकातला जर्मनीतल्या आउग्सबुर्गचा डॉक्टर, झाडपाला शोधत अरबस्तानाकडे हिंडून आला पण हिंदुस्थानात कधी पोचलाच नाही. तो मेल्यावर शंभरेक वर्षांनी एका फ्रेंच माणसाने त्याच्या सन्मानार्थ नाव ठेवलं. आपल्या रानातलं झुडूप आणि नाव अशा माणसाचं ज्याने ते बघितलंच नाही!

मग त्यांनी केलं तरी काय?

मोजलं.

थट्टा नाही करत. "माझ्या पेशंटला गुण आला" असं म्हणणारे हजार होते. वकिलांनी जवळपास १० वर्षं ही मुळी वापरून बघितली आणि मग १९४९ मधे ब्रिटिश हार्ट जर्नलमधे ५० पेशंटांवरचा अभ्यास छापला. मुळी देण्याआधी प्रेशर किती, देताना किती, बंद केल्यावर किती, कोणाला गुण आला, कोणाला नाही आला, कोणाला त्रास काय झाला. असं आकड्यांत मांडून जगातल्या हृदयरोगाच्या एका नावाजलेल्या मासिकात, लंडनच्या डॉक्टरला वाचता येईल अशा भाषेत ठेवलं. त्याआधीचं काम भारतातल्या मासिकांत छापलेलं, ते बाहेर कोण वाचणार.

आता यात काय मोठं असं वाटत असेल तर एक करा, आठवडाभर स्वतःचं प्रेशर मोजून वहीत लिहा. माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात, त्यांना मी हेच करायला लावलं. सोमवारी सकाळी १५२, संध्याकाळी १३४. मंगळवारी जावयाचा फोन आला म्हणून १६८. बुधवारी काहीच केलं नाही तर १३८. मधे त्यांनी शेजाऱ्याने दिलेला कसलातरी काढा एकदाच घेतला होता आणि नेमका आकडा उतरला, तर लगेच मला म्हणतात, "बघ, लागू पडलं!" अहो गुरुजी, न घेताही उतरला होताच की परवा. प्रेशर हा असा वारा आहे, क्षणात इकडे क्षणात तिकडे, त्यातून औषधाचा परिणाम कुठला आणि नुसती झुळूक कुठली हे काढायचं तर एका माणसावर, एका दिवसात जमतच नाही. त्यासाठी बरीच माणसं लागतात, बरेच दिवस लागतात, आणि जे आकडे आपल्या मनासारखे नाहीत तेही तसेच लिहायची दानत लागते. ही दानत वकिलांकडे होती. माझ्या मते त्यांचा शोध काय विचाराल तर हाच.

आणि साधनं काय होती, तर पाऱ्याचं यंत्र आणि स्टेथोस्कोप. दंडाला पट्टा बांधून पारा चढवायचा ही युक्ती इटलीच्या रिवा-रोचीची, १८९६ ची, आणि पट्टा सैल होताना नाडीचा ठक् ठक् आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा धरायचा ही रशियाच्या कोरोत्कोफची, १९०५ ची. आजही बरेच डॉक्टर ते तसंच करतात.

त्या काळात बीपीला दुसरं औषध नव्हतं का?

औषध म्हणावं असं जवळपास नव्हतंच. उलट बरेच मोठे डॉक्टर म्हणायचे की वयाबरोबर नळ्या कडक होतात, मग रक्त पुढे ढकलायला प्रेशर वाढायलाच हवं, ते उतरवू नका. अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्ट, जगातला सगळ्यात मोठा माणूस त्या घडीचा, १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेला तेव्हा त्याचं प्रेशर ३००/१९० मोजलं होतं. आधी वर्षभर ते वाढलेलंच होतं. दाराशी डॉक्टर होते, औषध नव्हतं.

जे उपाय होते ते भयंकर. पाठीतून मज्जातंतू कापायचं ऑपरेशन करायचे. थायोसायनेट म्हणून एक रसायन द्यायचे, त्याने माणूस विषबाधेने आजारी पडायचा. आणि एक केम्पनर नावाचे डॉक्टर अमेरिकेत नुसता भात, फळं आणि साखर खायला द्यायचे, मीठ अजिबात नाही. प्रेशर खरंच उतरायचं पण लोक कंटाळून पळून जायचे. मी हे आमच्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मगे आमची पेज काय वायट होती?" पेज चांगलीच गं, पण सोबत खारातली कैरी असते ना!

मग अमेरिकेत कशी पोचली ही मुळी?

बॉस्टनला विल्किन्स म्हणून प्रेशरवर काम करणारे डॉक्टर होते, त्यांनी वकिलांचा लेख वाचला, इथून मुळी मागवली आणि आपल्या पेशंटांना देऊन बघितली. गुण आला, त्यांनीही छापलं. तिकडे स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सिबा कंपनीच्या लोकांनी १९५२ मधे मुळीतलं मुख्य द्रव्य शुद्ध काढलं आणि नाव ठेवलं रेसर्पिन. १९५६ मधे वुडवर्ड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत शून्यापासून बनवून दाखवलं, पुढे नोबेल मिळालेला माणूस तो. १९५४ ला न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात क्लाइन यांनी ते मनाच्या आजारावर वापरलं, म्हणजे फिरून गोष्ट "पागल की दवा" पर्यंतच आली.

आणि १९५७ ला वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. अमेरिकेत वैद्यकातला हा सगळ्यात मानाचा, नोबेलच्या खालोखाल धरतात. त्याच वर्षी क्लाइन यांनाही मिळाला.

बाकी पुरस्कार कुठले? (स्पर्धा परीक्षेवाल्यांसाठी)

पद्मभूषण १९५८, शांतिस्वरूप भटनागर १९६५, डॉ. बी. सी. रॉय १९६९. पाठ करा, पुढे चला.

रेसर्पिन अंगात जाऊन करतं काय?

आपल्या नसांच्या टोकाला बारीक बारीक पिशव्या असतात, त्यात नॉरअॅड्रेनलीन वगैरे द्रव्यं भरून ठेवलेली असतात, हुकूम आला की ती सुटतात आणि रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जोरात पळतं. रेसर्पिन त्या पिशव्या भरूच देत नाही. कोठारच रिकामं, मग हुकूम सुटला तरी देणार काय. रक्तवाहिन्या सैल राहतात, नाडी मंदावते, प्रेशर उतरतं.

पण कोठार रिकामं व्हायला वेळ लागतो, दोन-तीन आठवडे, आणि औषध बंद केल्यावर परत भरायलाही वेळ लागतो. म्हणून "काल मूळ घेतलं आज उतरलं" म्हणणारा माणूस दुसऱ्याच कशाचा तरी गुण मुळीला देतोय.

याच रिकाम्या कोठारातून आणखी एक मोठी गोष्ट निघाली. स्वीडनच्या कार्लसन यांनी १९५७ मधे सशांना रेसर्पिन दिलं, ससे पुतळ्यासारखे गप्प पडले, मग त्यांना लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत ज्याचं डोपामिन बनतं ते द्रव्य, टोचलं तर ते उठून हलायला लागले. त्यावरून मेंदूतल्या डोपामिनचं महत्त्व कळलं आणि पुढे लेव्होडोपा हेच पार्किन्सन म्हणजे कंपवाताचं औषध झालं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. तुमच्या वाडीत कोणा म्हाताऱ्याला कंपवाताची गोळी चालू असेल तर तिच्या गोष्टीत सुद्धा ही मुळी आहे.

मग परसातलं मूळ सहाणेवर उगाळून घ्यायला काय हरकत? नैसर्गिक आहे.

पिवळी कण्हेर, आपली बिट्टी, ती पण नैसर्गिकच आहे. तिच्या बिया खाऊन हृदय बंद पडून माणसं मरतात. नैसर्गिक हा शब्द बाजूला ठेवूया.

माझ्या आत्येची गोष्ट सांगतो, तिची परवानगी घेतलीय. वय ७१, प्रेशरची गोळी चालू, अॅटेनोलॉल. कोणीतरी तिला मुळी आणून दिली. रोज सकाळी देवपूजा झाली की त्याच सहाणेवर, चंदन बाजूला सारून, पाण्याच्या थेंबात पाच-सहा वेढे उगाळायचे आणि चाटायचं. गोळी पण चालू, कारण डॉक्टर ओरडेल. आम्हाला कोणाला पत्ता नाही. महिनाभराने भावाने फोन केला की ती गप्प गप्प असते, जेवत नाही, नाक चोंदलंय म्हणते, खळ्यात येऊन बसते ती उठतच नाही. आम्हाला वाटलं वय झालं, आणि नुकतेच काका गेलेले म्हणून मनाला लागलं असेल. एक दिवस न्हाणीत चक्कर येऊन पडली. मी गेलो, मनगट धरलं, घड्याळ लावलं, मिनिटाला ४४. प्रेशर वरचं ९२. तिला झोपवून पाय वर केले आणि बोलता बोलता सहाणेकडे लक्ष गेलं, चंदनाच्या पिवळ्यावर दुसराच करडा डाग.

"गे आत्ये, ह्या काय?"

"मूळ ता. माका काय एक होणा नाय त्येना."

गाडी करून दवाखान्यात नेली, दोन दिवस ठेवून घेतलं, मुळी बंद केली. नाडी हळूहळू वर आली, पण मन मोकळं व्हायला अजून काही आठवडे गेले. गोळीनेही नाडी कमी होते, मुळीनेही होते, दोन्ही एकदम घेतलं. आणि ती उदासी, नाक चोंदणं, हे रेसर्पिनचे १९५० च्या दशकापासून लिहून ठेवलेले परिणाम आहेत. पोटातलं आम्ल वाढून अल्सर चिघळणं पण त्यातच आलं. ज्याला आधीच उदासपणाचा आजार आहे त्याला तर हे द्यायचंच नसतं.

दुसरी भानगड मात्रेची. रेसर्पिन दिवसाला ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम असं मोजून देतात. मिलिग्रॅमचा दहावा भाग! सहाणेवरच्या पाच वेढ्यांत किती येतं? झाड कुठलं, किती वर्षांचं, पावसात खणलं की उन्हाळ्यात, यावर मुळीतलं प्रमाण बदलतं. शिवाय मुळीत एकट्या रेसर्पिनशिवाय पन्नासेक तरी अल्कलॉइड, म्हणजे अंगावर परिणाम करणारी द्रव्यं, आहेत. तुम्ही ज्या वकिलांचं नाव घेऊन ही मुळी चाटताय त्यांनी आयुष्यभर मात्रा आणि आकडे सोडून काही केलं नाही हो.

ज्यांना आयुर्वेदिकच घ्यायचंय त्यांनी वैद्यांकडे जा, पदवीवाल्या, आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी त्यांना दाखवा. मला चालेल. उगाळू नका एवढंच.

साप चावल्यावर सर्पगंधा चालते ना? नावातच आहे.

नाही चालत. गोव्यात १५६३ ला छापलेल्या गार्सिया दा ओर्ताच्या पुस्तकातही सापावरच्या मुळ्यांच्या गोष्टी आहेत, मुंगूस कुठलंसं मूळ खाऊन मग सापाशी भांडतो ही गोष्ट तर आपल्या प्रत्येक आजीने सांगितलीय. पण आपल्याकडे फुरसं चावतं, त्याने रक्त गोठायचं थांबतं आणि आतून-बाहेरून रक्त वाहायला लागतं. त्यावर प्रतिविष हेच औषध, ते सरकारी दवाखान्यात मिळतं. अशा माणसाला प्रेशर पाडणारी मुळी देणं म्हणजे पडत्याला धक्का. बांधू नका, कापू नका, हातपाय न हलवता गाडीत घालून न्या.

पूर्वी वडिलांना "अॅडेल्फेन" चालू होती, ती हीच का? आता का देत नाहीत?

हो हीच, रेसर्पिन आणि सोबत डायहायड्रॅलाझीन. आमच्या दुकानात एका काळी पॅरासिटामॉलच्या खालोखाल तीच खपायची, स्वस्त होती. वडिलांकडे लोक "ती अॅडलफिन दी" म्हणून यायचे.

रेसर्पिन वाईट औषध नव्हतं हे आधी सांगतो. प्रेशर उतरवल्याने माणूस खरंच वाचतो का, याचा पहिला पक्का पुरावा अमेरिकेत निवृत्त सैनिकांवरच्या अभ्यासातून १९६७ ला आला. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष, निम्म्यांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना नुसत्या खडूसारख्या. त्या खऱ्या गोळ्यांत तीन औषधं होती आणि एक रेसर्पिन. फरक इतका उघड होता की अभ्यास लवकर थांबवावा लागला. मग नवी औषधं आली, अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन वगैरे, त्यांनी ना नाक चोंदतं ना मन खचतं, पाय सुजले तर सुजतात. १९७४ ला रेसर्पिनने स्तनाचा कॅन्सर होतो अशी एक ओरड पण झाली, पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही, पण नाव जायचं ते गेलंच. जुन्या पेशंटाला डॉक्टरांनी चालू ठेवली असेल तर माझं वाचून बंद करू नका.

हृदयावर त्यांनी आणखी काही काम केलं की फक्त मुळीच?

केलं की. आणि माझ्या मते हे सगळ्यांना माहीत हवं. छातीत दुखणं एक असतं ते चढ चढताना येतं, बसलं की जातं. दुसरा सरळ अटॅक. वकिलांनी या दोघांच्या मधल्या अवस्थेवर लिहिलं, १९६१ आणि १९६४ मधे अमेरिकेतल्या मासिकांत त्यांचे लेख आहेत. दुखणं नवीन सुरू झालंय, किंवा होतं ते अचानक वाढलंय, बसूनही येतंय, जास्त वेळ टिकतंय, ही अटॅकच्या आधीची घंटा आहे आणि तेव्हाच रक्त पातळ करायचं औषध देऊन पेशंट सांभाळला तर पुढचं टाळता येतं असा त्यांचा रोख. आज डॉक्टर याला अनस्टेबल अँजायना म्हणतात आणि सरळ अॅडमिट करतात.

आपल्याकडे काय होतं? माणूस आठ दिवस "गॅस झालाय" म्हणून माझ्याकडून सोडा नेतो. चाळिशी-पन्नाशीच्या पुढचा माणूस तिसऱ्यांदा सोडा न्यायला आला की मी सोडा देतच नाही, ईसीजी काढून ये सांगतो. दोघे-तिघे माझ्यावर रागावून दुसऱ्या दुकानात गेले, जाऊ देत.

शिवाय शिकवायचे, लिहायचे. भारतीय डॉक्टरांच्या संघटनेने काढलेलं मेडिसिनचं जे जाडजूड क्रमिक पुस्तक आहे त्याची १९६९ ची पहिली आवृत्ती त्यांच्या संपादनाखाली निघाली. परदेशी पुस्तकांत आपल्याकडचे आजार दोन ओळींत उरकलेले असायचे.

कोकणात राहून असं संशोधन कोणी केलंय का, की सगळं मुंबईलाच?

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर! कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं, पोरं मरायची, छातीत पाणी होऊन. विंचवाच्या विषाने अंगात अॅड्रेनलीनसारख्या द्रव्यांचं वादळ उठतं आणि हृदय कोलमडतं हे त्यांनी पेशंटाच्या उशाशी रात्ररात्र बसून बघितलं, आणि प्राझोसिन ही, बघा, बीपीचीच गोळी त्यावर वापरली. लॅन्सेट या परदेशी वैद्यकीय मासिकात छापून आलं. मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं ते १ टक्क्यावर आलं. २०२२ ला पद्मश्री मिळाली. वकिलांना निदान केईएम होतं पाठीशी, यांच्याकडे सुरुवातीला गावातला सरकारी दवाखाना आणि वही.

सर्पगंधा लावून विकली तर पैसे मिळतील? काजूपेक्षा बरं?

दीड-दोन वर्षं थांबावं लागतं मूळ काढायला, आणि मूळ काढलं की झाड गेलं, काजूसारखं दरवर्षी नाही. बी उगवायचं प्रमाणही कमी, रोपं फाट्यांपासून केलेली बरी. रानातून खणून आणायचं मात्र डोक्यातून काढा, अशा खणण्यानेच ती संपत आलीय, तिचा परदेशी व्यापार आंतरराष्ट्रीय करारानुसार बंधनाखाली आहे. लावायचीच तर आधी खरेदीदार कोण ते लेखी ठरवा आणि मग कुदळ उचला. हळद लावा त्यापेक्षा.

बीपी आहे तर सुकं बंद करायचं का? खरं सांगा.

आता आलात मुद्द्यावर. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, सगळं धरून. खारवलेल्या बांगड्याचा एक तुकडा, दोन फोडी मिठातली कैरी, एक पापड, आणि डाळीतलं मीठ वेगळं, कधीच संपला कोटा. मी स्वतः सुकट सोडलेली नाही, खोटं कशाला बोलू. दोनदा पाण्यात भिजवून पाणी फेकून करतो, आठवड्यातून एकदा, आणि त्या दिवशी कैरीची बरणी आई वरच्या फळीवर ठेवते.

दुकानात बीपी मोजता का? पैसे किती?

मोजतो, फुकट. बुधवारी बाजार असतो तेव्हा सोडून कधीही या, त्या दिवशी मला मान वर करायला फुरसत नसते. घाटी चढून आल्या आल्या हात पुढे करू नका, बाहेर बाकड्यावर पाच मिनिटं टेकायचं, पाठ टेकून, पाय खाली, आधी अर्धा तास चहा-विडी नाही. मोजताना बोलायचं नाही, हे आमच्याकडे सगळ्यात कठीण जातं. दोनदा मोजतो, दोन्ही आकडे लिहून देतो. वही आणा सोबत. मागच्या वेळची चिठ्ठी हरवली सांगून कोऱ्या हाताने येणाऱ्यांना मी परत घरी पाठवतो, आत्येलाही पाठवली होती.